सातपर्यंत

आमची शाळा धानोरीत,
लोहगावच्या धावपट्टीला लागूनच म्हणा ना.
दिवसातून पाच-सहा वेळा सुखोई
पत्र्यावरून अशी जातात
की खडू हातातच थांबतो
आणि सहावी ‘ब’ची चौपन्न तोंडं
अर्ध्या शब्दावर उघडी राहतात.

पंधरा वर्षं चिडत आले मी त्या आवाजावर.
पाठ टाचणात लिहावंसं वाटायचं :
तासिका पस्तीस मिनिटं,
पैकी चार हवाई दलाची.

माझं शिकवणं तेव्हा घाईचं.
प्रश्न टाकायचा, उत्तर उचलायचं,
मध्ये श्वासापुरतीही फट नाही.
वेदिका ढेरंगेचा हात
प्रश्नचिन्हाच्या आधीच वर.
बरं वाटायचं, वर्ग चाललाय.
वर्ग कुठला?
वेदिका चालली होती, आणि तिच्यामागून मी.

त्या मंगळवारी फळ्यावर लिहिलं
०.५ आणि ०.४५.
मोठं कोण?
वेदिकानं हात वर केला, तोंड उघडलं,
आणि विमान आलं.
एक नाही, लागोपाठ तीन.

दुसरं काही करता येईना
म्हणून मी वर्गाकडे पाहत राहिले.
यास्मिननं लिहिलेलं खोडलं,
परत तेच लिहिलं.
कुणी पेनाचं टोपण चावत होतं.
तिसऱ्या बाकावर सुमेध ओव्हाळ,
ज्याच्या प्रगतिपुस्तकात मी दोन वर्षं
‘अबोल. प्रयत्न आवश्यक’ एवढंच उतरवत आले,
डोळे मिटून काहीतरी तोलत होता.

आवाज ओसरला.
‘पॉइंट पंचेचाळीस,’ वेदिका म्हणाली.
‘पाचापेक्षा पंचेचाळीस मोठे, मॅडम.’
अर्ध्या वर्गानं माना डोलावल्या.
माझ्या ओठांवर ‘चूक’ आलंच होतं,
तेवढ्यात एक हात.
खांद्यापर्यंतच, पण हात.

‘मम्मीच्या भंगारच्या काट्यावर
अर्ध्या किलोला पाच येतात
आणि पुढे दोन शून्यं.
इथे ती लिहिली नाहीत.
पण असतात ना, मॅडम?’

असतात रे.

मी खडू ठेवला.
वेदिका फळ्याकडे पाहत राहिली बराच वेळ.
‘म्हणजे पाचशे आणि साडेचारशे,’
ती म्हणाली, आणि हसली.
हरलेल्याचं नव्हतं ते हसू.
तिची चूक मी तशीच राहू दिली फळ्यावर,
दिवसभर, बरोबर उत्तराच्या शेजारी.

आता विमान नसलं तरी मनात मोजते.
तीनला हात शिवशिवतात.
चारला वाटतं, प्रश्नच वाईट विचारला.
पाचला मागच्या बाकावर कुणीतरी खिदळतं.
सात सेकंद म्हणजे किती,
ते चौपन्न मुलांपुढे
गप्प उभं राहिल्याशिवाय कळत नाही.
कधी सातनंतरही काहीच येत नाही.
मग प्रश्न बदलते.
पुन्हा एकपासून.

परवा केंद्रप्रमुख निमसे सर
मागे बसून पाठ पाहून गेले.
शेरा : अध्यापनात वारंवार खंड पडतो.
खाली सही केली मी.
पडतोच.

सत्र संपलं. आकारिक, संकलित,
रकाने भरत बसले रात्री.
सुमेधला लेखीत वीसपैकी अकरा.
अकराच. एक गुणही वाढवला नाही,
दया म्हणजे मूल्यमापन नव्हे.
पण शेऱ्याच्या रकान्याशी पेन अडलं.
‘अबोल’ लिहिलं, खोडलं.
मग लिहिलं : थांबलं, तर बोलतो.

मुख्याध्यापिका शिक्का मारता मारता म्हणाल्या,
‘थांबलं, तर? कुणी थांबलं तर?’

मी लगेच उत्तर दिलं नाही.